सुनेला लागलेला बोल

आमच्या नात्यागोत्यात माझ्या सुनेबद्दल एक वाक्य गेली कितीतरी वर्षं फिरतं आहे. ‘आई नोकरीवर, म्हणून पोरीच्या तोंडाचं तसं झालेलं.’ लग्न असो, बारसं असो, चार बायका एकत्र बसल्या आणि लहान मुलांच्या आजारपणाचा विषय निघाला की हे वाक्य कुठून तरी येतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरंही येतं. ‘आजोबा होते म्हणून निभावलं.’ ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि ती खोटी आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सुनेलाही ठाऊक होतं. तिने ती खोडली नाहीत, याचं कारण मला फार उशिरा कळलं. मी ती खोडली नाहीत, याला मात्र सांगण्यासारखं कारण नाही. मला दुसरं वाक्य आवडायचं, एवढंच.

आता पंच्याहत्तरी उलटली आहे. सुनेच्या नावावर माझी चूक तशीच ठेवून जायचं नाही, असं ठरवलं आहे. आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं की यात माझी चूक थोडकी आहे. जास्त आहे तो तिचा पराक्रम. तेव्हा तोच सांगतो.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी तसं का वागलो ते कळणार नाही. मी मोहन्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस होतो. धाग्याचे नमुने आणायचे, बाटल्या धुवायच्या, साहेब सांगतील ती मोजमापं लिहून ठेवायची. काम एवढंच, पण अंगावर पांढरा कोट असायचा. त्या कोटामुळे चाळीत मला ‘डॉक्टर’ म्हणायला लागले. सुरुवातीला चेष्टेने, मग खरोखरच. कुणाचं पोट दुखलं, कुणाच्या अंगावर पुरळ उठलं की लोक माझ्या दारात यायचे. मी चार ठरलेल्या गोळ्या आणि दोन ठरलेली मलमं सांगायचो. बहुतेकांना बरं वाटायचं. आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यांचं श्रेय घ्यायची सवय मला तिथे लागली.

याच्या मागे एक अभिमानही होता. आम्ही बौद्ध. माझ्या लहानपणी, धम्म घरात आला तरी जुन्या सवयी पूर्ण गेल्या नव्हत्या. धाकट्या बहिणीच्या डोक्यात फोड आले तेव्हा आईने तिला गुपचूप देवऋष्याकडे नेलं. त्याने अंगारा लावला. फोड चिघळले आणि तिच्या डोक्यावर एक जागा कायमची केसांवाचून राहिली. ती शेवटपर्यंत डोक्यावरून पदर घेऊन वावरली. मी मोठा झालो तेव्हा ठरवलं की माझ्या घरात अंगारा येणार नाही, गंडादोरा येणार नाही, मीठमोहऱ्या ओवाळणं होणार नाही. विहारात मला बोलायला उभं केलं की मी हेच सांगायचो. देव्हारा आमच्या वडिलांनी बाहेर काढला, अंगारा आम्ही काढला. लोक टाळ्या वाजवायचे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे कोपरला राहायला आलो. मुलाची नोकरी पाळीची, कधी दिवसा, कधी रात्री. सून ठाण्याच्या एका कंपनीत हिशेबाच्या विभागात. तिच्या माहेरच्या घराण्यात ऑफिसात बसून काम करणारी ती पहिली बाई. त्या वर्षी तिला नुकतीच वरची जागा मिळाली होती. हाताखाली माणसं होती, संध्याकाळी उशीर व्हायचा. नात चार वर्षांची. दिवसभर ती आम्हा आजी-आजोबांकडे.

चैत्र संपत आला होता. नातीला सर्दी झाली होती आणि नाक पुसून पुसून नाकाखाली लाल झालं होतं. एके सकाळी सून डबा भरता भरता थांबली आणि पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

“बाबा, हे बघितलंत? नुसतं सोललेलं वाटत नाही. पाणी धरलंय त्यात.”

“घामोळं असेल गं.”

“नाकाखाली घामोळं? संध्याकाळी लवकर निघते, डॉक्टरकडे नेऊ. तोवर काही लावू नका हं.”

“मी कशाला काय लावतोय?”

ती गेली आणि मी लावलं.

माझ्या कपाटात दाढीच्या सामानाशेजारी एक ट्यूब असायची. उन्हाळ्यात मला जांघेत खाज सुटायची, तिच्यासाठी. औषधाच्या दुकानात नाव सांगितलं की पुढ्यात यायची, चिठ्ठी कोणी मागायचं नाही. लावली की दुसऱ्या दिवशी लाली उतरलेली. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत ती माझ्या सांगण्यावरून गेली होती. कुत्र्याने चाटलं, डास चावला, नायटा झाला, सगळ्याला तीच. मी नातीला मांडीवर घेतलं आणि नाकाखाली बोट फिरवलं. ती म्हणाली, “आबा, आई नको म्हणाली ना?” मी म्हणालो, “आपलं गुपित.” तिला गुपित हा शब्द नवा होता. तिला तो फार आवडला.

संध्याकाळी सून धावतपळत आली. लाली खरोखरच उतरली होती.

“बघ, बसलं की नाही?” मी म्हणालो.

ती वाकून बघत राहिली. “काही लावलंत?”

“छे! कोमट पाण्याने पुसलं फक्त.”

तिने डॉक्टरकडे जाणं पुढे ढकललं. माझ्या शब्दावर ढकललं. पुढचे काही दिवस मी ट्यूब लावत राहिलो, कारण लाली परत परत येत होती आणि प्रत्येक वेळी जरा जास्त जागा घेऊन येत होती. मग एका सकाळी ती दबेनाशीच झाली. नाकाखाली, ओठाच्या कडेला, हनुवटीवर बारीक फोड आले, फुटले आणि त्यांच्यावर पिवळी खपली धरली, गुळाचा पाक सांडून वाळावा तशी. पोर खाजवायची आणि ज्या बोटांनी खाजवायची त्याच बोटांनी कान धरायची. दोन दिवसांत कानामागेही तेच.

नेमकी तेव्हाच माझ्या बायकोची मोठी बहीण कळव्याहून आली. बाई मनाने वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही. दारातच तिने नातीला पाहिलं.

“अगं बाई! काय झालंय हे पोरीला? ही नागीण आहे. गेरू लावा.”

“नागीण-बिगीण काही नसतं,” मी म्हणालो. “अशा गोष्टी आपल्यात चालत नाहीत.”

“मग काय आहे ते सांगा ना, डॉक्टर!”

“उष्णता आहे.”

हे मी कसं म्हणालो, याचं आता हसू येतं. विहारात विज्ञान सांगणारा माणूस, आणि ऐन वेळी तोंडातून निघाली उष्णता.

“उष्णता नाही नि काही नाही,” ती म्हणाली. “आईचा हात लागत नाही पोरीला. सकाळी गेलेली बाई दिवे लागल्यावर घरात येते. लेकराचं नाक कोणी पुसायचं?”

बायकोने मान हलवली. मी खिडकीबाहेर बघितलं. ते पहिलं वाक्य तिथे जन्माला आलं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी त्याला वाढू दिलं.

दुसऱ्या दिवशी सुनेने रजा टाकली. मी म्हणालो, मीपण येतो. माझ्या मनात भीती होती की पोर तिथे गुपित फोडेल. दवाखाना डोंबिवली पश्चिमेलाच, त्वचेच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या आणि फटकळ. त्यांनी दिव्याखाली नीट पाहिलं, मानेच्या गाठी चाचपल्या, ताप विचारला.

“इम्पेटिगो म्हणतात याला. जंतूंचा संसर्ग आहे, कातडीच्या वरच्या थरात. सर्दीने नाकाखालची कातडी सोलली की तिथून शिरतो. लहान मुलांत खूप दिसतो, बराही छान होतो. पण इतका पसरेपर्यंत थांबलात कशाला? आणि याचं रूप जरा बदललेलं वाटतंय. काही लावलं होतं?”

नात माझ्याकडे बघत होती. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत होतो.

“हो,” सून म्हणाली. “घरात एक ट्यूब होती, ती लावली. तीन-चार दिवस तरी.” आणि तिने पर्समधून माझी ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती उचलून वाचली. “वा! ही तीन औषधांची खिचडी आहे. यात स्टेरॉइड आहे, कळतंय का? लाली दाबते, वरून बरं दिसतं आणि खाली जंतूंना मोकळं रान मिळतं. ते पण चेहऱ्यावर, चार वर्षांच्या पोरीच्या! शिकलेल्या आई ना तुम्ही?”

“चुकलं,” सून म्हणाली.

तिने हा एकच शब्द उच्चारला. मान खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही. लगेच वही काढून विचारलं, “आता काय करायचं ते सांगा.” मी तिथे उभा होतो. ‘तिने नाही, मी लावलं,’ असं म्हणायला किती वेळ लागला असता? मी नातीच्या चपलेचा पट्टा लावायला वाकलो.

परत येताना रिक्षात पोर तिच्या मांडीवर झोपली. मी शेवटी विचारलं, “तुला कसं कळलं?”

“तिने काल सांगितलं. ‘आई, आमचं एक गुपित आहे, क्रीमचं.’ मग तुमच्या कपाटात बघितलं.”

“मग तिथे माझं नाव का नाही घेतलंस?”

“डॉक्टरांना काय लावलं ते कळायला हवं होतं, बाबा. कोणी लावलं त्याने औषध बदलत नाही.”

कोपर येईपर्यंत मी बाहेरच्या पाट्या वाचत बसलो.

औषध साधंच होतं. जखमेला लावायचं एक जंतुनाशक मलम, आणि पसरलं होतं म्हणून पोटात घ्यायचं पातळ औषध. अवघड होती ती रीत. खपलीवर नुसतं मलम फासून उपयोग नाही, ते आत पोचत नाही. आधी उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून खपलीवर ठेवायचं, ती मऊ होऊ द्यायची, मग हळूच पुसून घ्यायची. सुटली नाही तर ओढायची नाही, पुन्हा भिजवायची. मग मलम, तेही हात साबणाने धुऊन, आणि लावून झाल्यावर परत धुऊन. दिवसातून तीनदा. नखं बारीक कापायची. टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा, रोज गरम पाण्यात. खेळणीसुद्धा धुवायची. घरात आणखी कुणाला फोड आहेत का, ते बघायचं.

सुनेने घरी आल्याबरोबर आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि हातपाय तपासले. मुलगा म्हणाला, “काय शाळेतली तपासणी आहे काय?” ती म्हणाली, “हो, नखं दाखव.” मग ती माझ्याकडे वळली.

“बाबा, सकाळी आणि रात्री मी करते. दुपारचं तुमच्याकडे.”

मी चपापलो. “माझ्याकडे?”

“आईंना पातेल्यातली डाळपण चष्म्याशिवाय दिसत नाही. तुमचा हात स्थिर आहे. चला, हात धुवा, दाखवते.”

तिने मला शिकवलं. पन्नास घरांना मलमं सांगणाऱ्या मला साबणाने हात कसे धुवायचे ते तिने शिकवलं, बोटांच्या बेचक्यांपासून मनगटापर्यंत. फडकं कसं पिळायचं, किती ओलं ठेवायचं, भिजत असताना पोरीशी काय बोलायचं. आवाजात राग नव्हता, गोडवाही नव्हता. ऑफिसात नव्या माणसाला काम समजावताना ती अशीच बोलत असणार.

पहिल्या दुपारी नातीने घर डोक्यावर घेतलं. फडकं तोंडाजवळ नेलं की किंकाळी. बायको म्हणाली, “राहू द्या हो, रडून रडून ताप भरेल.” मी सुनेला फोन लावला. ती म्हणाली, “तिला विचारा, आधी कुणाला लावायचं?” मी विचारलं. पोरीने हुंदका गिळला आणि माझ्याकडे बोट केलं. मग रोज दुपारी आमचा तोच कार्यक्रम. आधी ती एक फडकं माझ्या मिशीवर ठेवायची, दाबून धरायची आणि दरडावायची, “हलायचं नाय! खपली भिजतेय!” मग मी दुसरं तिच्या नाकाखाली. दोघं तोंडावर फडकी ठेवून आम्ही समोरासमोर बसायचो. एकदा शेजारच्या बाई साखर मागायला आल्या आणि काही न मागता परत गेल्या.

याच दिवसांत ती रविवारची बैठक झाली. कळव्याची मेहुणी परत आली होती. चहा झाला आणि तिने मुलाकडे मोर्चा वळवला.

“तू काही बोलत नाहीस का हिला? पगार काय चाटायचाय का, पोरीचं तोंड असं झाल्यावर?”

मुलगा चुळबुळला. “मावशी, तसं नाही... पण मीपण म्हणतच होतो, सहा महिने घरी बसली तर काय बिघडतं? दगदग पण होते.”

“कुणाची दगदग?” सुनेने विचारलं.

“अगं तुझीच.”

“मी बोललेले का?”

“तू नाही बोललीस. दिसतं ना पण.”

“मी घरी बसले तर जंतू काय लाजून निघून जाणार आहेत?” ती म्हणाली. “औषधाची एकही वेळ चुकलेली नाही.”

मेहुणी म्हणाली, “वेळा पाळून आईपण होत नसतं बाई. तू जवळ असतीस तर हे झालंच नसतं.”

मी तिथेच होतो. नातीला भरवत होतो. ती जवळ नव्हती म्हणून नव्हे, मी जवळ होतो म्हणून ते झालं होतं. सुनेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्या वेळी वाटलं, ही मला वाचवते आहे. आणि मी वाचलो. ती नोकरी तिने कशी मिळवली होती, परीक्षा देताना पोटुशी होती, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी भाताचा घास मळत राहिलो.

“ठीक आहे,” ती शेवटी म्हणाली. “बुद्ध पौर्णिमेपर्यंत बघा. तोवर तिचं तोंड बरं झालं नाही, तर मी राजीनामा देते. पण झालं, तर हा विषय या घरात परत निघणार नाही. मावशी, तुम्हीपण नाही काढायचा.”

“बरं बाई,” मेहुणी म्हणाली. “पौर्णिमा काही लांब नाही.”

त्या दिवसापासून दुपारचं औषध ही माझ्यासाठी नुसती पोरीची गोष्ट राहिली नाही. सुनेने आपली नोकरी पणाला लावली होती आणि त्यातला एक डाव रोज माझ्या हातात दिला होता. ज्या हाताने बिघडवलं, त्याच हातात. आधी खपल्या दाट होत्या, भिजवायला वेळ लागायचा. मग एके दिवशी ओठाच्या कडेची खपली फडक्याबरोबर अलगद आली आणि खाली गुलाबी, कोरडी कातडी दिसली. मी बायकोला हाका मारून बोलावलं. ती म्हणाली, “एवढं काय ओरडताय, लॉटरी लागल्यासारखं?”

मध्येच एका दुपारी पोरीच्या कोपरावर नवा फोड दिसला. पूर्वीचा मी असतो तर कपाट उघडून काहीतरी शोधलं असतं. मी फोन उचलला. सून मीटिंगमध्ये होती, तरी तिने घेतला.

“केवढा आहे? पाणी आहे? लाल कड पसरतेय का?” मी बघून सांगितलं. “ताप? नाही ना. मग त्यालाही तेच करा, आणि वरून सैल कापड बांधा, म्हणजे खाजवणार नाही. मी डॉक्टरांना विचारून परत फोन करते. आणि बाबा, घाबरू नका, तुमचं बरोबर चाललंय.”

माझं बरोबर चाललंय, हे मला आयुष्यात पुष्कळांनी सांगितलं असेल. त्या दुपारी मात्र ते मी बायकोला दोनदा सांगितलं.

चेहरा स्वच्छ दिसायला लागला तेव्हा बायको म्हणाली, “आता पुरे ते औषध. पोरीचं पोट बिघडतं त्याने. बरी झालीय की.” हे वाक्य मी स्वतः चाळीत किती जणांना म्हटलं असेन! बरं वाटलं की बंद करा, उरलेलं जपून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येईल. मी बाटली हलवली आणि चमचा भरला. “डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं संपवायचं,” मी म्हणालो. “सूनबाई विचारेल.” बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी घरजावई झालो होतो.

पौर्णिमेला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. नातीच्या नाकाखाली फक्त एक फिकट गुलाबी डाग उरला होता, तोही जवळ गेल्याशिवाय न दिसणारा. तिने लहान मुलांच्या रांगेत उभं राहून त्रिसरण म्हटलं, मध्येच विसरली, शेजारच्या मुलाकडे रागाने बघितलं आणि पुढचं म्हटलं. मी सुनेकडे पाहत होतो. तिच्या ओठांवर प्रत्येक शब्द होता. वरण घोटताना, फडकी उकळताना तिनेच ते पोरीकडून पाठ करून घेतलं होतं. खीर वाटत असताना मेहुणी तिच्याजवळ आली, पोरीची हनुवटी धरून निरखलं आणि म्हणाली, “बाई, शब्दाची पक्की आहेस.” सून हसली. मग मेहुणी बायकांकडे वळून म्हणाली, “सगळं आजोबांनी केलं हो. रोज दुपारी मांडीवर घेऊन. आईला कुठला वेळ?” बायका माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. मी हात जोडले.

सुनेची नोकरी राहिली. पुढे ती त्या विभागाची प्रमुख झाली. घरात तो विषय तिने ठरवल्याप्रमाणे परत निघाला नाही. घराबाहेर मात्र ती दोन वाक्यं फिरत राहिली.

गेल्या थंडीत कळव्याला मेहुणीकडे आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. तिच्या नातवंडांपैकी कुणाच्या तरी गालावर काहीतरी आलं होतं, त्यावरून बोलणं निघालं आणि मेहुणी सहज माझ्या नातीला म्हणाली, “तुझ्या तर अख्ख्या तोंडाला झालेलं. तुझी आई नोकरीवर ना, लक्ष कोण देणार?” नात आता दहा वर्षांची आहे. तिने आईकडे पाहिलं. ती नजर मी पाहिली. आतापर्यंत हे वाक्य मोठ्यांमध्ये होतं. आता ते पोरीच्या कानात गेलं होतं आणि तिथे ते घर करणार होतं.

“चूक तिच्या आईची नव्हती,” मी म्हणालो. “माझी होती. मी तिला भलतंच मलम लावलं आणि खोटं बोललो.”

सगळे हसले. मेहुणीने माझ्या पानात भाकरी वाढली. “सुनेला पाठीशी घालताय होय! असे सासरे मिळायला नशीब लागतं.”

म्हणजे खरं सांगूनसुद्धा मोठेपणा मलाच. मग मी सगळंच सांगितलं. कुठली ट्यूब, ती कपाटात कुठे होती, मी ती स्वतःच्या कुठल्या भागाला लावत होतो आणि तेच बोट न धुता पोरीच्या नाकाखाली कसं फिरवलं. गुपित कसं शिकवलं. डॉक्टरांसमोर कसा गप्प बसलो. जेवणाच्या पंगतीत सांगण्यासारखं ते नव्हतं. मुलाने डोक्याला हात लावला, बायको म्हणाली, “अहो, जेवतायत सगळे.” पण आता कोणी हसत नव्हतं. असली गोष्ट कोणी मोठेपणासाठी रचत नाही, हे त्यांना पटलं होतं.

नात म्हणाली, “ई! आबा!” आणि आईच्या जवळ सरकून बसली.

मेहुणीने भाकरीची टोपली खाली ठेवली. मग सुनेला म्हणाली, “आणि तू? मी तुला इतकं घालूनपाडून बोलले, तुझी नोकरी जायची वेळ आली. तेव्हा तोंड का नाही उघडलंस गं?”

मीही कान टवकारले. इतकी वर्षं मी समजत होतो की तिने माझी दया केली.

“मावशी, मला दुपारी घरात एक धड माणूस हवा होता,” सून म्हणाली. “बाबांना तेव्हा सगळ्यांसमोर पाडलं असतं, तर ते परत पोरीला हात लावायला धजले नसते. मग दुपारचं औषध कोणी लावलं असतं? मला बोलणी खाणं परवडत होतं. औषध चुकणं परवडत नव्हतं.”

तिने हे डाळीत लिंबू पिळता पिळता सांगितलं. दया नव्हती ती. घराला आग लागलेली असताना कोणता माणूस कुठे उभा करायचा, हे तिने गुपित कळल्यावर एका रात्रीत ठरवलं होतं, आणि चुकलेल्या म्हाताऱ्यालाही कामाला लावलं होतं. माझ्या प्रयोगशाळेत मोठमोठे साहेब होते. इतकं स्वच्छ डोकं मी त्यांच्यातल्या कुणाचंही पाहिलं नाही. हे जो कोणी वाचेल, त्याने ती दोन जुनी वाक्यं सोडून द्यावीत आणि एवढंच लक्षात ठेवावं की पोरीला तिच्या आईने बरं केलं, आणि मलाही.